साहेब, मी वावरात हाय

टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी ही बसून करायची नोकरी होती आणि मला बसता येत नव्हतं. आमचं घर मेंढरांमागं चालणारं. पुसेगावच्या शिवारात थोडी जमीन होती, पण वडील वर्षातला मोठा भाग मेंढरं घेऊन बाहेर असायचे आणि शाळेला सुट्टी लागली की मीही त्यांच्यामागं हिंडायची. बारावी झाल्यावर ऑपरेटरच्या जागा निघाल्या. परीक्षा दिली, पास झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंगोलीत कानाला हेडफोन लावून फोन जोडायच्या बोर्डापुढं येऊन बसले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. बाहेरगावचा फोन हवा असला की लोक आधी आमच्याकडं नंबर लिहून देत, मग वाट बघत, आणि वाट बघता बघता दर थोड्या वेळानं आम्हालाच फोन करून विचारत.

"बाई, लागला का वो?"

हे एकच वाक्य दिवसभर कानात यायचं, पण प्रत्येकाच्या तोंडून वेगळं. कापसाचा एक व्यापारी फोन लागेपर्यंत "ताई, ताई" करायचा आणि लागला की "हां, ठेवा आता" म्हणून मला हाकलायचा. एक म्हातारे गृहस्थ नंबर सांगण्याआधी स्वतःचं नाव, वडलांचं नाव, गाव आणि कुणाच्या घराशेजारी राहतो तेही सांगायचे. एक बाई मुंबईच्या लेकाचा कॉल बुक करायची आणि तो झाल्यावर मला विचारायची, "जास्त बोलले का वो मी?" मी या सगळ्यांना "थांबा, बघते" म्हणायची आणि हेडफोन बाजूला सारून त्यांच्याच आवाजात तेच वाक्य पुटपुटायची. त्यासाठी मी काही ठरवलं नव्हतं. पाय हलायचे तसं तोंड हलायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर, मला सारख्या म्हणायच्या, "अगं पाय हलवू नको, टेबल हलून राहिलंय." मी पाय थांबवायची की बोटं वाजायला लागायची.

मोठ्या बाई रिटायर झाल्या तेव्हा एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात दुपारी निरोप समारंभ ठेवला. चहा, चिवडा, पेढे. साहेबांचं भाषण झालं. एका लाइनमननं गाणं म्हटलं. मग कुणीतरी मला पुढं ढकललं, "हिला आवाज काढता येतात, काढ ना." मी नाही नाही म्हणेपर्यंत उभीसुद्धा राहिले होते. पदर मुठीत धरला आणि सुरू झाले. आधी व्यापारी. मग नाव-गाव-शेजार सांगणारे गृहस्थ. समोरचे सगळे याच लोकांशी रोज बोलणारे होते. पहिल्या वाक्यालाच ओळख पटली आणि अंगणात हशा उसळला. लाइनमन लोक तर भिंतीला टेकून हसत होते. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी एकामागून एक आवाज काढत गेले.

थांबले तेव्हा एकट्या मोठ्या बाई हसत नव्हत्या. मला वाटलं, झालं, आपलं काहीतरी चुकलं.

"माझा आवाज काहून काढला न्हाई?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं बाजूला बसली माझ्या. मी काय कोणीच न्हाई का?"

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब पेढा खात होते. मग मी बाईंसारखी मान ताठ केली, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि त्यांचा "थांबा" काढला. मोठ्या बाईंकडं तीन "थांबा" होते. व्यापाऱ्याला एक, तोडून टाकणारा. अधिकाऱ्याला एक, अर्धा गिळलेला. आणि खेड्यातून आलेल्या घाबऱ्या माणसाला एक, लांब, डोक्यावरून हात फिरवल्यासारखा. तिसऱ्या "थांबा"ला बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला नीट दिसलं नाही, पण शेवटी म्हणाल्या, "हां. आता बराबर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी उभीच.

"बाई, हे लोकांचे फोन ऐकून करता का तुम्ही?"

"न्हाई साहेब. लोक माझ्याशी बोलतात तेवढंच. लाइन जोडली की मी बाहेर."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग असं समजा. तुमच्याशी बोलले ते तुमचं. त्यांच्या आपसातलं एक अक्षर तुमचं नाही. नाव नाही, नंबर नाही. हे पाळणार असाल तर मला अडचण नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "माझा आवाज नाही काढला ते बरं केलं." ते खरंच बरं केलं होतं की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढं माझं लग्न झालं. यजमान हिंगोलीतच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्याच सुमाराला एक्स्चेंज बदलायला लागलं. नवी यंत्रं आली, लोक घरून थेट नंबर फिरवायला लागले, चौकाचौकात एसटीडीची पिवळी खोकी उभी राहिली. बोर्डावरची कामं कमी होत होत मी तक्रारींच्या फोनवर गेले. तिथं लोक रागातच बोलत, आणि एकाच सुरात बोलत. "फोन बंद हाय. कवा होईल?" दिवसात थोडेच फोन यायचे. मी खुर्चीतून उठून खिडकीशी जायची, परत यायची, पाण्याचा माठ भरलेला असला तरी झाकण उघडून बघायची. घरी आल्यावर भाकरी थापतानाही आवाज काढायची. यजमान जेवताना मान वर करून बघायचे आणि पुन्हा ताटात बघायचे.

आमच्या ऑफिसपासून जवळच एक बँक होती. तिथल्या मॅनेजरांच्या कानावर निरोप समारंभाची गोष्ट गेली होती. ते एकदा फोनच्या तक्रारीसाठी आले आणि म्हणाले, "आमच्या स्टाफचं स्नेहसंमेलन आहे. तुमचा कार्यक्रम ठेवू का?"

मी लगेच हो म्हणून टाकलं.

"पण बघा," ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "बायका असतील, लेकरं असतील, वरचे साहेब येणार आहेत. कुणाला लागेल असं नको. ग्राहकांवर नको. साहेबांवर नको. जातीपातीचं, राजकारणाचं नको. नवरा-बायकोचे विनोद तर अजिबात नको, मागच्या वर्षी एकानं केले आणि आमच्या कॅशियरच्या मिसेस मधूनच उठून गेल्या."

"मग उरलं काय, साहेब?"

"ते तुम्ही बघा," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी घाबरून जे येत होतं तेच घेऊन गेले. व्यापारी, म्हातारे गृहस्थ, मुंबईच्या लेकाची आई. बँकेच्या हॉलमध्ये सगळे नीटनेटके बसले होते. मी पहिला आवाज काढला. समोरून काहीच आलं नाही. दुसरा काढला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी आणखी मोठ्यानं बोलायला लागले, आणखी भरभर, हातवारे वाढवले, आणि जितकं करावं तितकं त्यांचं बघणं सभ्य होत गेलं. मधेच माझा एक पाय आपोआप हलायला लागला, तो मला दिसत होता आणि थांबवता येत नव्हता. शेवटी टाळ्या वाजल्या, तशा त्या वाजवायच्याच असतात. मॅनेजर म्हणाले, "छान." आजारी माणसाला भेटून निघताना म्हणतात तसं.

यजमान मागच्या रांगेत बसले होते. घरात आल्यावर मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत चालत राहिले.

"त्या लोकांना हसूच येत न्हाई," मी म्हणाले. "दगड हायत दगड."

ते चप्पल काढत होते. "त्यांना काय ठाऊक तुझे फोनवाले?" ते म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी त्याला दुसऱ्याच ट्रॅक्टरचा पार्ट देऊन राहिलो, तर ते कसं बसंल?"

मला इतका राग आला की त्या रात्री त्यांचं ताट मी आपटूनच ठेवलं. राग यासाठी की ते बरोबर होते.

पुढच्या आठवड्यापासून जेवणाच्या सुट्टीत मी डबा लवकर उरकून बँकेत जाऊन बाकावर बसायला लागले. पगाराचं खातं तिथंच होतं, त्यामुळे कुणी हटकलं नाही. बसून राहणं मला जमत नसलं तरी तिथं जमलं, कारण डोळ्यांना काम होतं. सहीचा नमुना जुळत नाही म्हणून एक शेतकरी बाहेरच्या ओट्यावर बसून स्वतःचीच सही गिरवत होता. कॅशियर नोटा मोजताना पंखा बंद करायला लावायचा आणि बाकीचे घामानं निथळत त्याच्याकडं बघत राहायचे. स्टेपलर एकच होता. तो ज्यांचा होता ते जेवायला जाताना कपाटात ठेवून कुलूप लावून जायचे.

त्या उन्हाळ्यात बँकेत संगणक आला. त्याच्यासाठी एक खोली वेगळी केली, काच लावली, गार हवेचं यंत्र बसवलं, बाहेर चप्पल काढायची पाटी लावली. संगणकावर काम करता येणारा माणूस एकच होता. पण मे महिन्यात त्या काचेबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. कुणी प्रिंट आली का बघायला, कुणी धूळ बसली का बघायला. मॅनेजर स्वतः "मशीन बरोबर चालू आहे ना?" म्हणून आत जायचे आणि अर्ध्या तासानं ताजेतवाने होऊन बाहेर यायचे.

पुढच्या संमेलनाला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वतः मॅनेजरांपुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, मला परत एक संधी द्या."

ते अवघडले. "बाई, तुमचं चांगलंच झालं होतं, पण..."

"चांगलं झालं न्हवतं. मला ठाऊक हाय. दहा मिनिटं द्या. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते."

त्यांनी दिली. मी त्या दिवशी स्टेजवर संगणक झाले. नव्या गावात बदली होऊन आलेला, एकटा पडलेला संगणक, जो घरी पत्र लिहितोय: "आई, इथली माणसं फार प्रेमळ आहेत. दुपार झाली की सगळी मला भेटायला येतात. येताना चप्पल काढून येतात, देवळात येतात तशी. कुणी काम सांगत नाही. नुसती समोर उभी राहून डोळे मिटतात." एवढं झालं आणि कॅशियरच्या मिसेस एवढ्या मोठ्यानं हसल्या की सगळे वळून बघायला लागले. आणि मग ते थांबेचना. वरचे साहेब मॅनेजरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, आमच्या ऑफिसातही तेच!" मॅनेजर लाजून लाल झाले, पण हसत होते.

तिथून बोलावणी यायला लागली. साखर कारखान्याच्या वसाहतीत महिलांचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम, पंचायत समितीतला कुणाचा निरोप, दवाखान्यातल्या परिचारिकांचा दिवस. प्रत्येक ठिकाणी मी आधी जाऊन बसायची. लोक विचारायचे, "बाई, काय काम हाय?" मी सांगायची, "काही न्हाई, बघून राहिले." एकदा वीज कार्यालयाच्या कार्यक्रमात ऐन मध्ये लाइट गेली. सगळा हॉल अंधारात, आणि सगळे कर्मचारी श्वास रोखून, मी काय बोलते या भीतीनं. मी अंधारात हळूच म्हणाले, "हॅलो, फोन बंद हाय. कवा होईल?" त्यांच्याकडं रोज येणारा सवाल मी आमच्या खात्याच्या नावावर घातला होता. ते हसले, आणि मला वाटतं, थोडे सुटल्यासारखे हसले.

पण या सगळ्यानं जीव शांत झाला म्हणावं तर तेही नाही. कार्यक्रमाच्या आधी चार दिवस जेवण जायचं नाही. कार्यक्रम झाला की एक तास आनंद, आणि मग पुन्हा तेच, आता पुढं काय. हिंगोली जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, नवे साहेब आले. मी प्रत्येक नव्या पाटीकडं बघायची आणि मनात म्हणायची, इथं काय चालत असेल?

मोबाईल आले त्या दिवसांत वसमतच्या एका वितरकानं मला एका बियाणं कंपनीच्या मेळाव्याला बोलावलं. कंपनीची माणसं आणि दुकानदार, मंगल कार्यालयात. एरिया मॅनेजर औरंगाबादहून येणार. नेहमीसारखी मी आदल्या दिवशी वसमतला गेले, बसस्टँडवर आणि मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात हिंडले. हळदीची पोती उतरत होती, त्या पिवळ्या धुळीनं माझ्या साडीचा काठही पिवळा झाला. बसस्टँडच्या हॉटेलात बियाणं कंपन्यांची पोरं बसलेली होती, कंपनीची टोपी घातलेली. त्यातल्या एकाचा मोबाईल वाजला आणि तो खुर्चीतून ताडकन उठून, तोंडावर हात धरून बोलायला लागला, "हां साहेब! मी शिरड शहापूरला हाय. वावरात हाय, वावरात!" मागून स्टँडचा भोंगा ओरडत होता, "वसमत-परभणी गाडी फलाट क्रमांक तीनवर..." मला माझा कार्यक्रम मिळाला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचले तर वितरक घाईत होते. "बाई, तुमच्या आधी एक विनोदवाले गृहस्थ हायत. तुमी बी जरा मसालेदार होऊ द्या. सगळे आपलेच लोक हायत."

"सगळे?" मी म्हणाले. दुसऱ्या रांगेत कंपनीच्या ऑफिसातल्या तीन मुली बसल्या होत्या.

ते गृहस्थ स्टेजवर चढले. बायकोवरचे, शेजारणीवरचे, नर्सवरचे विनोद सुरू झाले. दुकानदार मांड्यांवर थापा मारत होते. त्या तिघी पोरी एकीच्या मोबाईलमध्ये डोकी घालून बसल्या, त्यात बघण्यासारखं काही नसताना. मी पडद्याआड उभी होते आणि माझं अंग तापत चाललं होतं. हात मुठीत, मुठी पदरात. यजमान बाजूला उभे होते. "जाऊ या का घरी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. घरी जायचं नव्हतं, पण या लोकांपुढं आता माझं कोण ऐकणार हेही कळत नव्हतं.

मी स्टेजवर गेले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "येऊ द्या बाई, गरमागरम!" मी त्याच्याकडं बघितलं नाही. कानाला हात लावला, जसा मोबाईल धरतात तसा, आणि तोंडातून घंटी वाजवली. सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. तिथंच पहिला हशा आला, त्यांचा स्वतःवरचा.

"हां साहेब! मी वावरात हाय साहेब!" आणि लगेच नाकातून भोंगा, "वसमत-परभणी गाडी फलाट क्रमांक तीनवर..." "न्हाई साहेब, ती वावराजवळूनच जाती गाडी." "एक कट चहा, दोन मिसळ!" हा हॉटेलचा पोऱ्या. "शेतकरी जेवून राहिला साहेब, त्याचा आवाज हाय." अख्खं मंगल कार्यालय हसून कोसळलं. टोपीवाली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्या तिघी मुलींची डोकी वर आली होती. मी आणखी दोन फोन केले, एक लग्नाच्या मांडवातून, एक सासुरवाडीतून, आणि प्रत्येक वेळी माणूस वावरातच.

मग पहिल्या रांगेतले एरिया मॅनेजर उठले. ते हसत नव्हते. त्यांनी मागं वळून, माझ्याकडं पाठ करून, मोठ्यानं विचारलं, "हे आपल्यात कोण कोण करतं? हात वर करा."

हशा कापल्यासारखा थांबला. मी हॉटेलात पाहिलेला पोरगा तिसऱ्या रांगेत होता. त्याचा चेहरा हळदीसारखा झाला. शेजारचा त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होता आणि ती नजर मॅनेजरांनी पकडली. "तू. उभा राहा."

तो उठला. मी या पोराचं नाव घेतलं नव्हतं, त्याला ओळखतही नव्हते, आणि त्याच्याच ताटात माती जात होती. विचार करायला वेळ नव्हता. मी पुन्हा घंटी वाजवली, या वेळी जास्त मोठ्यानं, आणि मॅनेजरांचाच आवाज काढला. त्यांचं सकाळचं भाषण मी ऐकलेलं होतं, ते प्रत्येक वाक्याआधी "बेसिकली" म्हणायचे.

"येस सर! गुड आफ्टरनून सर! बेसिकली मी वसमतलाच आहे सर. बेसिकली शेतकऱ्यांच्या मध्ये उभा आहे. हो सर, वावरात!" आणि मागून भांड्यांचा आवाज, आणि मॅनेजरांच्या घरच्या बाईचा, गोड: "अहो, मटार सोलून झाले का?"

काही क्षण कुणालाच हसायची हिंमत झाली नाही. त्या तिघींपैकी एक मुलगी पहिली फुटली. मग दुसरी. मॅनेजर माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होते. मी लगेच मुंबईच्या बड्या साहेबांचा फोन लावला, जे त्यांच्या मालकाला तेच सांगत होते, वावरात आहे म्हणून, आणि मागं समुद्राचा आवाज. तेव्हा मॅनेजरांचे खांदे हलायला लागले. ते खाली बसले आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. त्या पोराला त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

जेवणाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय साहेब?"

"मटारचं."

मी म्हणाले, "मला न्हाई कळलं साहेब. कुणाच्या घरी सोलत न्हाईत?"

घरी परतताना बसमध्ये यजमानांना म्हणाले, "त्या पोराची नोकरी गेली तर?" ते म्हणाले, "न्हाई जायची." "पण गेली तर?" ते खिडकी लावून घ्यायला उठले. पुढचे कितीतरी दिवस मला त्याच विचारानं घेरलं. मॅनेजर तेव्हा हसले, पण ऑफिसात परत गेल्यावर माणूस वेगळा असतो. मी वितरकाला फोन केला, त्याला काही माहीत नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, मी नाही म्हणून सांगितलं. आवाज काढायला तोंड उघडलं की तो उभा राहिलेला पोरगा दिसायचा.

शेवटी तोच एक दिवस आमच्या ऑफिसात आला. घरी फोन घ्यायचा होता, त्याचा अर्ज द्यायला. मला बघून थबकला.

"तुमी त्या बाई ना वो?"

मी उभीच राहिले. "नोकरी हाय का तुमची?"

"हाय की." तो हसला. "पण तकलीफ करून ठेवली तुमी. आता साहेबांनी फोन केला की आधी म्हणतात, मोबाईल जरा आभाळाकडं धर, मला ऐकू दे. मग खरंच वावरात जाऊन उभं राहावं लागतं. आणि वावरात रेंजच न्हाई!"

मी टेबलाला धरून इतकी हसले की बाजूचे लोक उठून आले. त्यानंतर आठवडाभरानं मी नाकारलेल्या माणसाला स्वतःहून फोन केला.

तोवर आमच्या खात्यात नवे साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, बाहेर कार्यक्रम करायचे तर लेखी परवानगी लागेल. मी अर्ज केला. तो वर गेला आणि वरच राहिला. मी महिन्यामहिन्याला विचारायची, ते म्हणायचे, "येईल." मोठ्या बाईंचा अधिकाऱ्यासाठीचा "थांबा" आठवायचा. परवानगी आली ती अटी घेऊन: ऑफिसच्या वेळेत नाही, आणि स्वतःच्या खात्याविषयी एक शब्द नाही. एवढी वर्षं माझी जी हक्काची माणसं होती, तीच वगळली गेली. मी सही करून टाकली. दुसऱ्यांची ऑफिसं पुष्कळ होती.

परवानगीनंतरचा पहिला कार्यक्रम परभणीला होता, विमा एजंटांचा. त्यांच्या ऑफिसात मी आधी दोन दिवस बसून आले होते. पेरणीचे दिवस होते, दुकानात गर्दी होती, यजमानांना येता आलं नाही. कार्यक्रमाला मी पहिल्यांदाच एकटी निघाले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती, तरी गाव यायच्या बरंच आधी मी उठून दाराशी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, अजून स्टँड यायचंय." मी म्हणाले, "ठाऊक हाय. इथंच सोडा." उतरून उन्हातून चालत हॉलवर गेले. साडी घामानं अंगाला चिकटली होती.

दाराशी वॉचमन होता. "तुमी कोण?"

"कार्यक्रमाला आले."

"एजंट का?"

"न्हाई. हसवायला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं," तो म्हणाला, "पण आत आता सगळे जेवून राहिलेत. जेवता जेवता कुणी हसत नसतं. बसा जरा."

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. मी पिशवी त्याच्यावर ठेवली आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. आतून ताटांचे, वाट्यांचे आवाज येत होते, आणि कुणीतरी मोठ्यानं वरण मागत होतं. मी चालता चालता त्याच्याच आवाजात वरण मागून बघितलं.